ट्रंकेवरचा बिल्ला

आमच्या समोरच्या फ्लॅटला अजूनही मी "दिलमायाचं घर" म्हणते. त्यानंतर तिथे दोन भाडेकरू येऊन गेले, सध्या एक बँकवाला राहतो. त्याचं नाव विचारलंत तर मला सांगता यायचं नाही. आमचे हे म्हणतात, अगं, ती जेमतेम दोन-अडीच वर्षं राहिली, तीही भाड्याने. असू दे की. सातबाऱ्यावर नाव असलं म्हणजेच माणसाचं घर होतं की काय?

ती आली तेव्हा माणसांच्या आधी वर चढल्या त्या ट्रंका. काळ्या रंगाच्या, लोखंडी, प्रत्येकीवर पांढऱ्या रंगात नवऱ्याचं नाव, हुद्दा आणि पलटणीचा नंबर. हमालांच्या मागून एक ठेंगणी, गोरी, गोल चेहऱ्याची बाई पोरीला कडेवर घेऊन चढत होती. बदलापुरात कात्रपला आमची सोसायटी तेव्हा नवीन होती. लिफ्टचा खड्डा होता, लिफ्ट नव्हती. तिसऱ्या मजल्यापर्यंत चढूनही बाईला दम लागलेला नव्हता आणि मी मात्र दारात नुसती उभी राहून धापा टाकत होते. गुडघ्याच्या ऑपरेशनपायी नोकरी सोडून मी नुकतीच घरी बसले होते. दिवसभर दुसऱ्याच्या घरात काय चाललंय ते बघणं, एवढाच काय तो उद्योग होता.

नवरा भारतीय लष्करात गोरखा पलटणीत हवालदार. माहेर-सासर दोन्ही नेपाळात, पोखऱ्याच्याही वर कुठेतरी. नवऱ्याची पलटण बर्फात, सरहद्दीवर गेलेली. तिथे बायका-मुलांना नेता येत नाही. एरवी अशा बायका गावी परततात. ही परतली नाही, कारण बिनू.

बिनू चार वर्षांची होती आणि जन्मापासून बहिरी होती. गावात सगळे म्हणायचे, काही मुलं उशिराच बोलतात. मग बाप दिवाळीत रजेवर गेला, अंगणात फटाका लावला, आणि पाठमोरी खेळत असलेल्या पोरीने मानसुद्धा वळवली नाही. दिलमाया सांगायची, त्या दिवशी त्याने उरलेले फटाके विहिरीत टाकले. मग मुंबईच्या लष्करी इस्पितळात ऑपरेशन झालं. कवटीच्या आत एक यंत्र बसवलं, कानामागे दुसरं, आणि वरून केसांत चिकटणारा रुपयाएवढा गोल चुंबक. त्याला आम्ही सगळे बिल्ला म्हणायचो. बिल्ला लावला की पोरीला ऐकू येणार, काढला की सगळं बंद.

पण ऐकू आलं म्हणून बोलता येतं असं थोडंच आहे? डॉक्टरांनी सांगितलेलं, पुढच्या दोन वर्षांत बोलायला लागली तर लागली. नंतर फार कठीण. आठवड्यातून दोनदा मुंबईला जाऊन तिला बोलायचं शिकवायचं होतं. मुंबईत सरकारी क्वार्टर मिळेना आणि भाडं परवडेना. त्याच पलटणीतून निवृत्त झालेले एक थापा अंबरनाथ पश्चिमेला राहायचे, एमआयडीसीतल्या एका कंपनीत सिक्युरिटीला होते. त्यांनी हा फ्लॅट शोधून दिला. अशी ही बाई परमुलखात, एकटी, बहिऱ्या पोरीला घेऊन बदलापुरात आली.

घर लावायची तिची तऱ्हा बघून मी थक्क झाले. मालकाने भिंतीला खिळा मारायचा नाही असं सांगितलेलं. आपल्याकडे कोण ऐकतं? हिने ऐकलं. पडदे सुतळीने खिडकीच्या गजांना बांधले. चार ट्रंका जोडून त्यांचा पलंग केला, दोन बैठकीला ठेवल्या, एक उभी करून त्यावर देवघर. चादरीला एक सुरकुती सापडली तर शपथ. बाहेर जाताना ती माझ्या दारात येऊन सांगून जायची, कुठे जातेय, किती वाजता येणार. आल्यावर पुन्हा सांगायची, आले. मी तिला म्हटलं, अगं, मी काय तुझी साहेब आहे का? तर नुसती हसली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

तिचं हिंदी छावणीत राहून आलेलं. त्यात बाई, पुरुष, टेबल, खुर्ची सगळे पुल्लिंगी. "मेरा छोरी सोता है, आंटी." आमचं हिंदी तरी कुठे लखनौचं होतं? माझं निम्मं मराठी, तिचं निम्मं नेपाळी, पण भाजीपासून सासूपर्यंत सगळं व्यवस्थित बोलून व्हायचं.

सोसायटीने मात्र पहिल्याच महिन्यात लाज आणली. आणि ती आणली आमच्या घरातल्यांनीच. आमचे हे सेक्रेटरी. रात्रपाळीचा वॉचमन सोडून गेला होता. ह्यांनी जिन्यात तिला गाठून विचारलं की तुमचा नवरा सुट्टीवर येईल तेव्हा गेट सांभाळेल का, नाहीतर तुमच्या ओळखीचा कुणी गुरखा असेल तर सांगा. मी दारातून ऐकलं आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दिलमायाने ह्यांना हात करून घरात बोलावलं आणि बैठकीची चादर बाजूला केली. खाली ट्रंकेवर नाव, हुद्दा, पलटण. ह्यांनी ते उभ्याउभ्या वाचलं. मग तिने चादर पुन्हा नीट खोचली आणि विचारलं, "चाय पियेगा, अंकल?" हे घरी आले ते थेट आंघोळीला गेले. त्यानंतर सोसायटीच्या प्रत्येक झेंडावंदनाला नारळ फोडायला दिलमाया.

ती चुकायची तेही पलटणीच्या पद्धतीनेच. एकदा मी म्हटलं, पडद्याचं जाड कापड हवं असेल तर उल्हासनगरला जाऊ, कॅम्प एकला स्वस्त मिळतं. दुसऱ्या दिवशी बाई इस्त्रीची साडी नेसून, केस चापूनचोपून, हातात लष्कराचं ओळखपत्र आणि कँटीनचं कार्ड घेऊन हजर. मला वाटलं, असेल आपली आवड. दुकानात पोचल्यावर तिने ते कार्ड गल्ल्यावरच्या म्हाताऱ्या सिंधी शेठपुढे ठेवलं आणि ताठ उभी राहिली. कॅम्प म्हटल्यावर तिला वाटलं होतं, छावणीच असणार! मला हसू आवरेना. शेठ मात्र हसला नाही. त्याने कार्ड उलटसुलट करून बघितलं, परत दिलं आणि तिला सांगितलं की बेटा, तू चुकली नाहीस, ही फौजेचीच छावणी होती. फौज गेल्यावर त्या बराकींत आम्हाला आणून टाकलं. माझा जन्म बराकीतला. मग कापड मोजता मोजता बिनूच्या डोक्यावरचा बिल्ला बघून त्याने चौकशी केली. दिलमायाने सांगितलं, बोलायला शिकवतोय. शेठ म्हणाला, माझ्या नातवांचे कान अगदी ठणठणीत आहेत, सिंधी समजतं सगळं, पण बोलत एकही नाही. मी आवाज दिला तर उत्तर हिंदीत येतं. हे बोलून त्याने कापड हातभर जास्तच फाडलं. तेव्हा मला ते नुसतं म्हाताऱ्याचं रडगाणं वाटलं होतं.

आता जे सांगायचंय ते नीट सांगते.

ऑपरेशननंतर मोठ्या डॉक्टरांनी, ते हुद्द्याने मेजर होते, दोघा नवरा-बायकोला बसवून सांगितलं होतं की पोरीशी एकाच भाषेत बोला. घरात एक, बाहेर एक असं करू नका, तिचा गोंधळ उडेल. दोघांनी ते शिरसावंद्य मानलं. एकच भाषा म्हणजे हिंदी. शाळा हिंदीत, डॉक्टर हिंदीत, देश हिंदीत. आणि मेजर साहेबांनी सांगितलं म्हणजे तो हुकूमच. नवरा पोस्टवर निघताना बजावून गेला, घरात नेपाळीचा शब्द नको.

दिलमायाने तो हुकूम असा पाळला की विचारू नका. त्या घरातून नेपाळीचं एक अक्षरही बाहेर आलं नाही. पण आलं काय? "पानी पियो." "जूता पहनो." "इधर आओ." "सो जाओ." तिचं हिंदी छावणीतलं, तिथे ऐकलेले ते सगळे हुकूम. लाडाने रागावायचं कसं, पोरीला चिडवायचं कसं, चिमणी-कावळ्याची गोष्ट सांगायची कशी, हे तिला हिंदीत कुणी शिकवलंच नव्हतं. मग ती तेवढी चार वाक्यं बोलायची आणि गप्प बसायची. दारं समोरासमोर असली तरी आमच्या दोघींच्या स्वयंपाकघरांत एकच भिंत. वरच्या मजल्यावरचं भांडण मला शब्दन् शब्द ऐकू यायचं, आणि ह्या भिंतीपलीकडे बोलायला शिकणारं पोर असून नुसता पळीचा आवाज. मला वाटायचं, पहाडी माणसं, मितभाषी असतील.

एका दुपारी मी गच्चीत मिरच्या वाळत घालायला गेले. बिनू माझ्याकडे झोपली होती, ह्यांच्या देखरेखीखाली. वर टाकीच्या मागे कुणीतरी बाई बोलत होती. भरभरून, न थांबता. मधेच हसत होती, मधेच कुणाचातरी म्हातारा आवाज काढत होती. मला वाटलं फोनवर असेल. टाकीला वळसा घालून बघते तर दिलमाया. एकटी. कपडे वाळत घालत होती आणि वाळत घातलेल्या फ्रॉकशी नेपाळीत बोलत होती. फ्रॉकची बाही धरून हलवत होती.

मला बघून तिचा चेहरा चोरी पकडल्यासारखा झाला. हातातले चिमटे खाली पडले.

"नीचे नहीं बोलता, आंटी," ती म्हणाली. "कसम से. यहाँ बोलता है बस."

मी तिला म्हटलं, अगं बाई, मग फ्रॉकशी काय बोलतेस, फ्रॉकच्या मालकिणीशी बोल की. ती मान हलवत राहिली. मेजर साब बोला है. तिने चिमटे गोळा केले, तोंडावर पदर ओढला आणि खाली गेली. मिरच्या तशाच टाकून मी कितीतरी वेळ तिथे बसून राहिले. एवढं बोलणं पोटात असलेली बाई दिवसभर तोंड मिटून कशी राहत असेल, ह्या विचाराने मला भडभडून आलं.

हा झाला पहिला हुकूम. दुसरा कुणी लेखी दिलेला नव्हता, तो पलटणीतल्या बायकांचा. ती नवी नवरी म्हणून छावणीत गेली तेव्हा थोरल्या बायकांनी शिकवलं होतं: वर असलेल्या माणसाला वाईट बातमी द्यायची नाही. वर म्हणजे पोस्टवर. एकीने म्हणे सासूच्या आजारपणाचं कळवलं आणि त्याच आठवड्यात तिचा नवरा गस्तीवर पाय घसरून गेला. खरंखोटं देव जाणे, पण बायका ते मानायच्या. "ऊपर अच्छा खबर ही भेजना है, आंटी," हे वाक्य मी तिच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की आता माझ्या पोरांना पुण्याला फोन करताना मलाच आठवतं.

तिच्या घरात फोनला रेंज नव्हती. आमच्या गॅलरीत यायची. म्हणून रविवारी नवऱ्याचा फोन यायचा तो आमच्याकडे. ती बिनूला माझ्यापाशी सोडायची, गॅलरीचं दार लावून घ्यायची, कारण नवऱ्याशी नेपाळीत बोलायचं आणि पोरीच्या कानावर ते पडायला नको. काचेतून मला फक्त तिचे ओठ दिसायचे. तो दर वेळी एकच विचारायचा: बोलली का?

एका रविवारी ती आत आली ती पांढरीफटक पडलेली. खुर्चीवर बसली. म्हणाली, "आंटी, मैंने बोल दिया. पापा बोलता है बोल दिया."

मी म्हटलं, कधी बोलली गं? आणि विचारता विचारताच माझ्या लक्षात आलं.

तिकडे बर्फात काय धिंगाणा झाला ते पुढच्या रविवारी कळलं. त्याने सगळ्या पोस्टला सांगितलं. लंगरच्या आचाऱ्याने राखीव तूप काढून हलवा केला, सुभेदार साहेबांनी पाठीवर थाप दिली. नवरा हे सांगत असताना ती काचेपलीकडे "हो, हो" करत मान डोलावत होती आणि एका हाताने गॅलरीचा गज घट्ट धरून उभी होती. त्यानंतर तो म्हणायला लागला, मला ऐकव. मग आज झोपलीये, आज यंत्राची बॅटरी संपलीये, आज लाइट गेलेत. लाइट आमच्याकडे जायचेच, त्यामुळे ते तरी खरं असायचं. आणि मग त्याने सांगितलं, बर्फ वितळला की रजा मिळणार आहे.

तिथून पुढचे दिवस मला आठवायला नको वाटतात. दिलमायाने पोरीला एका शब्दासाठी वेठीला धरलं. सकाळी उठल्यापासून "पापा बोलो." दूध हातात धरून, पापा बोलो. बाहुली उंच धरून, पापा बोलो. भिंतीपलीकडून मला तेवढंच ऐकू यायचं, आणि पोरीचा हुंकारही नाही. एके दिवशी दिलमाया घाबरीघुबरी होऊन आली, बिल्ला हरवला. लाखमोलाचं यंत्र ते! आम्ही कचऱ्याचा डबा उपसला, मोरीची जाळी काढली, हे गुडघे टेकून कपाटाखाली टॉर्च मारत होते. बिनू मधोमध शांत बसलेली. शेवटी मीच दमून बैठकीवर टेकले तर चादरीखाली काही टोचलं. चादर उचलली. बिल्ला ट्रंकेला चिकटलेला होता, बापाच्या नावाच्या बरोबर खाली. लोखंड आणि चुंबक, चिकटणारच. पोरीने स्वतःच्या हाताने डोक्यावरून काढून तिथे लावून ठेवला होता.

मग ते रोजचंच झालं. आई "पापा" म्हणायला लागली की बिनू उठायची, बिल्ला काढायची, ट्रंकेला लावायची आणि पाठ फिरवून खेळत बसायची. भांडली नाही, रडली नाही, फक्त ऐकणं बंद केलं. दिलमाया तो परत तिच्या केसांत लावायची.  मला पोरीचा राग यायचा आणि तिच्या आईचाही, आणि दोघींपैकी कुणालाच काही म्हणवत नव्हतं.

बाप आला. तेजबहादूर त्याचं नाव. उन्हाने नाकाची सालं गेलेली, हसला की डोळे मिटायचे. आल्या आल्या मला सुक्या जर्दाळूंची पिशवी दिली, ह्यांना कडक नमस्कार केला. पहिल्या दिवशी म्हणाला, ओळखत नाही, लाजते. दुसऱ्या दिवशीही तेच म्हणाला. तिसऱ्या दिवशी मी डाळ द्यायला गेले. तो जमिनीवर बसून दोन्ही हात पुढे करून पोरीला "पापा, पापा" म्हणत होता. बिनूने त्याच्याकडे नीट बघितलं, डोक्यावरचा बिल्ला काढला, त्याच्या अंगावरून पलीकडे वाकली आणि त्याच्या मागच्या ट्रंकेला लावला.

 दिलमाया ओट्याशी पाठमोरी उभी. मग त्याने माझ्याकडे वळून विचारलं, "आंटी, ये कभी बोली है?"

खोटं बोलणं मला जमत नाही असं नाही, सोसायटीत राहायचं तर जमावंच लागतं. पण त्या माणसाच्या तोंडाकडे बघून जमेना. मी म्हटलं, नाही बोलली. आणि एकदा सुरू झाले ती थांबलेच नाही. म्हटलं, तिच्याशी तरी कोण बोललंय? ही बाई गच्चीत जाऊन फ्रॉकशी बोलते. घरात नुसते हुकूम. पोर काय हुकमांना उत्तर देणार?

मला वाटलं, आता हा बायकोवर हात उचलतो की काय. तो उठला, बाथरूममध्ये गेला आणि नळ मोठा सोडला. बराच वेळ सोडून ठेवला. आमच्याकडे तेव्हा पाणी दिवसाआड यायचं. बाहेर आला तेव्हा डोळे लाल होते. बायकोला नेपाळीत काहीतरी म्हणाला. त्या घरात, मोठ्याने, नेपाळीत. दिलमाया घाबरून पोरीकडे बघायला लागली. पोरीचा बिल्ला ट्रंकेवरच होता.

दोघं पोरीला घेऊन इस्पितळात गेली. तिथे काय झालं ते दिलमायाने येऊन मला सांगितलं, आणि सांगताना मधेमधे हसत होती, मधेमधे डोळे पुसत होती. ते मेजर बदलून गेले होते. त्यांच्या जागी एक तरुण डॉक्टरीण, हुद्द्याने कॅप्टन. तिने सगळं ऐकून एकच विचारलं, तुम्ही दोघं भांडता कुठल्या भाषेत? दोघं खाली बघायला लागले. नेपाळीत. मग पोरीशी त्याच भाषेत बोला, भांडा, गाणी म्हणा, तिला ती एक भाषा नीट येऊ दे, बाकीच्या मागून येतील. झालं, एवढं सोपं. पण तेजबहादूर उठेना. त्याला वेगळीच पंचाईत पडली होती. मेजरचा हुकूम कॅप्टन कसा फिरवणार? त्याने अदबीने तसं विचारलंसुद्धा. ती बिचारी आधी हसली आणि मग ह्याचा चेहरा बघून तिने फोन उचलला, त्या मेजरांना जिथे होते तिथे गाठलं आणि फोन ह्याच्या हातात दिला. तेजबहादूर फोन कानाला लावून सावधानमध्ये उभा राहिला. मेजर पलीकडून म्हणाले, अरे, मी एकच भाषा म्हणालो होतो. हिंदी कुठे म्हणालो?

त्यांनी ते हिंदीत सांगितलं होतं, म्हणून ह्या दोघांनी हिंदी धरली. एवढंच. डॉक्टरांनी दिलेल्या दोन वर्षांतलं एक वर्ष त्यात गेलं. दिलमाया माझ्या स्वयंपाकघरात बसून मांडीवर हात आपटत राहिली, "एक साल, आंटी, एक साल."  मी तिच्यापुढे चहा ठेवला, तो तसाच गार झाला.

त्यानंतर त्या भिंतीने जो आवाज धरला! बाई पोळ्या लाटताना बोलायची, केर काढताना बोलायची, लाइट गेले की अंधारात गाणी म्हणायची. गच्चीत ऐकलेला तो म्हातारा आवाज मला आता रोज ऐकू यायचा. तो तिच्या सासूचा, बिनूच्या आजीचा होता म्हणे. एक अक्षर कळत नसून मी भिंतीला कान लावून बसायचे. आमचे हे म्हणायचे, तुला काय कळतंय त्यातलं? मी म्हणायचे, पोरीला कळलं म्हणजे झालं.

पण पोर लगेच काही बोलली नाही. बाप परत वर गेला. आणि दिलमायाने दुसराही हुकूम मोडला. आता फोन आला की गॅलरीचं दार उघडं असायचं आणि ती स्पष्ट सांगायची, नाही, आजही नाही. ते सांगताना तिचा आवाज चिरकायचा. एकदा मी विचारलं, तो वर एकटा आहे, असं कळवताना भीती नाही वाटत? ती म्हणाली, वाटते. पण खोटा हलवा त्याला पचला नाही, आंटी, मला माहितीय.

पहिला शब्द मी ऐकला नाही, ही खंत मला राहिली आहे. एका सकाळी दिलमाया पिठाच्या हातांनी दार वाजवत आली आणि म्हणाली, बोलला. काय बोलली? तर "होइन". म्हणजे नाही, असं नाही. सासूची नक्कल करताना आई काहीतरी चुकली होती, आणि पोरीने तिला दुरुस्त केलं होतं. मी धावत गेले तर बिनू गप्प. माझ्यासमोर ती कधीच बोलायची नाही. उच्चार अस्पष्ट, तोंडात गोटी धरल्यासारखे. डॉक्टरीण म्हणाली होती, उशीर झालाय, कितपत सुधारेल सांगता येत नाही. मला आपली एक खुळी आशा होती की जायच्या आधी एकदा मला "काकू" म्हणेल. मराठीत नको, हिंदीत आंटी म्हटलं असतं तरी चाललं असतं.

मग बदली आली. पलटण खाली उतरली, शांत ठाण्यावर. क्वार्टर मिळालं, तेजबहादूर पुढे जाऊन ते ताब्यात घेऊन बसला. दिलमायाने ट्रंकांवरचा नंबर पुन्हा पांढऱ्या रंगाने गिरवला. घर सोडताना फरशी अशी घासली की मालक बघून ओशाळला. सुतळ्या सोडल्या, पडदे घडी घातले, भिंतीला एक ओरखडा नाही. मला नमस्कार करायला वाकली तेव्हा मी तिला उठवलं आणि दोघी जिन्यातच रडलो. शेजारणी दारातून बघत होत्या. बघू देत.

खाली टेम्पो उभा. थापा पुढे ड्रायव्हरशेजारी बसलेले. ट्रंका चढल्या, आणि बिनूला घ्यायला दिलमाया वळली तर पोर आमच्या फाटकाचे गज दोन्ही हातांनी धरून उभी.

"जान्न," ती म्हणाली.

जाणार नाही. एवढं तर मलाही कळलं. भिंतीने तेवढी नेपाळी शिकवली होती. आई तिला रागावली, पोरीने मान हलवली. ड्रायव्हरने हॉर्न दिला. दिलमायाने तिला उचलून ट्रंकेवर बसवलं, तसा पोरीचा हात केसांकडे गेला, बिल्ल्यावर.  लोखंड तिच्या मांडीखालीच होतं, नुसता हात खाली नेला की झालं. पण तिने बिल्ला काढला नाही. बोटांनी दाबून घट्ट बसवला आणि आईच्या तोंडावर आणखी मोठ्याने ओरडली, "जान्न!" आणि मग त्यापुढे काय काय, भराभर, जड, अर्धवट, रागाने लालबुंद होऊन. पुन्हा पुन्हा आमच्या जिन्याकडे बोट दाखवत होती.

तेवढ्यात दिलमायाचा फोन वाजला. नवरा. निघालात का, हे विचारायला असणार. तिने फोन कानाला लावलाच नाही. हात लांब करून तो पोरीच्या तोंडासमोर धरला आणि तशीच उभी राहिली, हात न हलवता. चेहरा भिजलेला, पुसायचंही भान नाही.

ड्रायव्हरने पुन्हा हॉर्न दिला, डोकं बाहेर काढून म्हणाला, "भाभी, चलो ना, कल्याणला गाडी पकडायचीये."

दिलमायाने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"रुको, भैया," ती म्हणाली. "मेरा छोरी बोलता है."